पेटंट की कॉपीराइट? सांगलीतून पाहताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, निघते. ती काढणारा प्रोग्राम आम्ही पाच जण विश्रामबागच्या दोन खोल्यांत लिहितो. म्हणून प्रोग्रामला संरक्षण पेटंटचं असावं की कॉपीराइटचं, हा प्रश्न आमच्या पोटापाण्याचा आहे.

कॉपीराइट लिहिलेल्या कोडला आपोआप मिळतो. माझा कोड कुणी उचलला तर मी भांडू शकतो. तीच पट्टी काढणारा प्रोग्राम दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने लिहिला तर त्याला आडकाठी नाही.

पेटंट मात्र पद्धतीलाच कुंपण घालतं, तेही 20 वर्षांचं. तुम्हाला ती स्वतंत्रपणे सुचली असली तरी सुटका नाही. अमेरिकेत ॲमेझॉनला 1999 मध्ये एका क्लिकवर खरेदीचं पेटंट मिळालं, ते 2017 पर्यंत चाललं. एका क्लिकचं! औषधाचं वेगळं, तिथे एका रेणूमागे वर्षं जातात. प्रोग्राममध्ये शेकडो छोट्या युक्त्या असतात. प्रत्येकीचा मालक शोधायचा तर वकिलाच्या फीतच आमचे पाच पगार जातील.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारतं. 2004 च्या अध्यादेशाने ते सैल केलं होतं. 2005 मध्ये संसदेने तो बदल गाळला. फार बरं केलं.