'ट्रॅव्हलर', नऊ महिन्यांनंतर: त्या आठवड्याचं करायचं काय?

'ट्रॅव्हलर' म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा अंतराळातला भूमिका-खेळ (आरपीजी). थेट तक्रारीवर येतो. जंप, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे प्रकाशापेक्षा वेगाने उडी, मारली की आठवडा गेला. एक पार्सेक (सव्वातीन प्रकाशवर्षं) जा नाहीतर सहा, आठवडा तो आठवडाच, आणि आत असताना संदेश येत नाही की जात नाही. पहिले काही महिने मी या नियमाच्या नावाने बोटं मोडली. खेळ चालवणारा गेममास्टर "आठवडा गेला" म्हणून मोकळा. वहीत तारीख सात दिवस पुढे ढकलायची मी. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे जास्तच टोचायचं. जहाज फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं व्यापारी जहाज, महिन्याला दीड लाख क्रेडिटच्या वर हप्ता, आणि निम्मा महिना नुसतं बसून.

मागच्या महिन्यात आपटलो. दोन पार्सेकवरच्या बंदरात सुट्या भागांना भाव होता, म्हणून जहाज गच्च भरलं. आमचं इंजिन जंप-१, एका उडीत एकच पार्सेक, म्हणजे दोन उड्या आणि मध्ये इंधन. शुद्ध इंधन टनाला ५०० क्रेडिट, उडीला २० टन. दहा हजार कशाला घालवायचे, वायुग्रहावरून (गुरूसारख्या वायूच्या ग्रहावरून) फुकट भरू, हे मीच सुचवलं. त्यात चार दिवस गेले. पोचलो तर भाव पडलेला. जंप-२ चं एक जहाज आमच्यानंतर नऊ दिवसांनी निघून एकाच उडीत तोच माल घेऊन आलं होतं. त्याच्याच टपालात आमच्या दलालाचं पत्र: "तिकडे जाऊ नका."

आधी चडफडलो, मग हसूच आवरेना. बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही, हे नियमात वाचलं होतं. समजलं त्या दिवशी. रेडिओने कळवायचं तर पार्सेकला सव्वातीन वर्षं! (खेळ १९७७ चा, व्हॉयेजर-१ सुद्धा त्याच वर्षी सुटलं. प्रकाश एका दिवसात जितकं अंतर जातो, त्याच्या आसपासच ते अजून आहे.) आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला फोन लावता येणारे खेळ आता मला पोरकट वाटतात. म्हणजे मत बदललं, पण आठवडा कंटाळवाणा तो कंटाळवाणाच. त्यावर आमच्या टेबलाला अजून उपाय सापडलेला नाही.

वहीत नंतर मांडून पाहिलं. इंधन विकत घेऊन एका दिवसात निघालो असतो तर त्या जहाजाच्या आधी पोचत होतो. हे बाकीच्यांना सांगितलेलं नाही.

इंधन अजून फुकटचंच भरतो. न गाळलेलं असलं की उडी चुकायची भीती असते, तेवढी चालते. परवा गेममास्टरने पडद्यामागे फासे टाकले आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. कुठे बाहेर पडणार, ते पुढच्या बैठकीत.