गुलमंडीजवळच्या जुन्या माळवदी घरात तिन्ही ऋतू काढल्यानंतर

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, गुलमंडी आणि औरंगपुरा यांच्या मधल्या एका गल्लीत आम्ही जुने माळवदी घर, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर, विकत घेतले, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या घरात काढल्याशिवाय त्याविषयी लिहायचे नाही, असे ठरवले होते. माझे मत आधीच सांगतो. असे घर राहायला लोक समजतात तितके अवघड नाही, पण विकत घ्यायला मात्र समजतात त्याहून पुष्कळ अवघड आहे. कागदपत्रांच्या मागे चिकाटीने लागण्याची तयारी असेल, त्याने ते जरूर घ्यावे.

अवघडपणाचे मूळ इतिहासात आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली, तेव्हापासून या भागात घरे, वाटण्या आणि विक्री चालत आली आहे, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुनी खरेदीखते उर्दूत असतात आणि त्यांवर फसली साल, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेचे वर्ष, असते. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. आमच्या घराचे मूळ खत असेच होते. ते वाचून त्याचा मराठी तर्जुमा करून देणारे जाणकार अजून शहरात आहेत, पण बहुतेक उतारवयाचे आहेत, म्हणून हे काम व्यवहार ठरण्याच्या आधी उरकावे. आम्हाला त्या खताचा मोठा उपयोग झाला. विक्रेते पश्चिमेची भिंत पूर्णपणे आपलीच असल्याचे सांगत होते, तर खतातल्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, ती सामाईक असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. आमच्या माजघराच्या तुळया त्याच भिंतीत बसवलेल्या आहेत. ही गोष्ट वेळेवर कळली, म्हणून शेजाऱ्यांशी आधी बोलणे झाले आणि दुरुस्तीच्या वेळी वाद झाला नाही.

शेतजमिनीला जसा सातबारा, तसे शहरातल्या घराला नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे पीआर कार्ड म्हणतात. महापालिकेची घरपट्टी कोणाच्याही नावाने येत असली, तरी तिने मालकी सिद्ध होत नाही, हे अनेकांना अजून पटत नाही. आमच्या घराच्या पत्रकावर विक्रेत्यांच्या आजोबांचेच नाव होते. मधल्या दोन पिढ्यांत कोणी वारस नोंद केलेली नव्हती, एक शाखा हैदराबादला स्थायिक झालेली होती, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्यांची गरज नाही, असे घरातले कर्ते पुरुष ठामपणे सांगत होते. आमच्या वकिलांनी ते मुळीच मानले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बहिणींचा हिस्सा हा त्यांचा हक्क आहे. त्यांनी तो सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही हवी. वारस नोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत आम्ही इसाराच्या आगाऊ रकमेपलीकडे एक रुपयाही दिला नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, मागच्या तीस वर्षांत या मालमत्तेचे कोणते व्यवहार नोंदले गेले, त्याचा शोध अहवाल काढला, मगच दस्त केला. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का आणि जास्तीत जास्त 30,000 रुपये असते, आणि खरेदी केवळ स्त्रीच्या नावाने असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणून घर पत्नीच्या नावाने घेतले.

कर्जाचा अनुभव चांगला नव्हता. जुन्या घराला मंजूर नकाशा नसतो, आणि एका बँकेने तेवढ्याच कारणावरून बरेच दिवस ठेवून फाइल परत केली. दुसरीने जागेचीच किंमत धरून कर्ज दिले, इमारतीचे मूल्य जवळजवळ शून्य मानले. जिच्या सागवानाचा भाव आज परवडणार नाही, ती इमारत कागदावर शून्य ठरावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांना असे घर घ्यायचे आहे त्यांनी निम्मी रक्कम तरी हाताशी ठेवावी. विकास आराखड्यात रस्ता रुंदीकरणाची रेषा घरावरून जाते का, तेही पाहावे. बेगमपुऱ्याकडे घर पाहत असाल तर बीबी का मकबऱ्यामुळे आणखी एक अट येते: केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. दर्शनी भागात जुना भाडेकरू दुकानदार असेल, तर त्याला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे हे धरूनच किंमत ठरवावी, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता घराविषयी. ढेलजेतून, म्हणजे दारालगतच्या देवडीतून, आत आले की लहानसा चौक, त्याच्या कडेला आड, पुढे ओसरी आणि माजघर, अशी रचना आहे. भिंती दोन फुटांहून जाड आहेत, त्यामुळे मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना माजघरात पंखा पुरतो, कूलरची आठवण होत नाही. वरच्या मजल्यावर मात्र आधीच्या मालकांनी पत्रे टाकलेले आहेत, आणि तिथे दुपारी बसवत नाही.

खरेदीपूर्वी ज्या म्हाताऱ्या गवंड्यांना घर दाखवले, त्यांनी तुळयांवर मधोमध हातोडी मारून पाहणाऱ्या माझ्या मुलाला थांबवले. “मधी ठोकून काय कळतंय मालक, भिंतीत गेलेलं टोक बघा,” असे म्हणून त्यांनी तुळईच्या टोकाशी भिंतीचा गिलावा थोडा उकरला आणि पेचकस आत दाबला. दोन तुळयांत तो लोण्यात जावा तसा गेला. माळवदावर आधीच्या मालकांनी गळती थांबावी म्हणून सिमेंटचा थर दिलेला होता. त्याला तडे गेले, पाणी आत शिरले आणि बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून टोके कुजली. वरून तुळयांवर भार वाढला तो वेगळाच. आम्ही तो थर उतरवला, त्या दोन तुळया बदलल्या, किलचने, म्हणजे तुळयांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या, दुरुस्त केली, आणि माती नीट दाबून वर पांढरी माती टाकली, उतार पन्हाळाकडे काढला. मृग लागण्याआधी दरवर्षी माळवद पाहून खाचखळगे भरावे लागतात, हे एक काम कायमचे आहे. भिंतींनाही सिमेंटचा गिलावा करू नये, कारण ओल अडकते आणि लोणा, म्हणजे खार, धरून पापुद्रे सुटतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत आणि त्यांची मजुरी जास्त आहे, ती घासाघीस न करता द्यावी.

पाण्याची अडचण साऱ्या शहराची आहे. पैठणच्या नाथसागरातून पाणी येते आणि नळाला ते कित्येक दिवसांआड सुटते, म्हणून मोठा हौद हवाच. चौकातला आड आम्ही उपसून साफ केला, त्याचे पाणी वापरायला पुरते. मलिक अंबरच्या नहरीने केवळ उताराच्या जोरावर या वस्तीला पाणी पुरवले होते. त्या नहरीची निगा राखली गेली असती, तर जुन्या शहराला आजही आधार झाला असता, असे मला वाटते.

चारचाकी गल्लीत येत नाही, ती दूर भाड्याच्या जागेत ठेवतो. सणासुदीला गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक इकडे येते त्या दिवशी आजारी माणसाला घरात ठेवणे कठीण आहे. वडीलधारे कोणी हृदयविकाराने आजारी असतील, तर रुग्णवाहिका कुठपर्यंत येते हे चालत जाऊन पाहा. एरवी किराणा, दवाखाना, सराफा, भाजी सगळे पायी अंतरावर आहे. शेजारच्या काकू आम्ही गावाला गेलो की नळ सुटल्यावर आमचा हौद भरून ठेवतात, आणि त्यासाठी किल्ली त्यांच्याकडेच असते.

दुरुस्तीला खरेदीच्या किमतीच्या पाव भागाहून थोडा अधिक खर्च आला. आता वरच्या पत्र्यांच्या जागी पुन्हा माळवद करायचे आहे, पण त्या खोलीच्या तुळयाही सामाईक भिंतीवरच टेकतात, म्हणून शेजाऱ्यांशी लेखी संमतीपत्र आधी करून घेत आहोत.