खाडीतल्या माशांची लांबी: सरासरी की क्वांटाइल?

खाडीतल्या मासळीच्या लांबीच्या नोंदी हाताशी आहेत, पण लांबी कशी बदलतेय हे बघायला संख्याशास्त्रातलं मॉडेल कोणतं लावायचं यावर अनेक जण अडतात.

साधं लिनियर रिग्रेशन, म्हणजे नोंदींवर सरळ रेषा बसवणं, सरासरी लांबी कशी बदलते ते सांगतं. नोंदी थोड्या असल्या तरी भागतं, मच्छीमारांना समजावणंही सोपं. पण खाडी म्हणजे पिल्लांची वाढायची जागा. नवी पिल्लं भरभरून जाळ्यात आली की सरासरी घसरते, आणि चांगल्या पैदाशीलाच आपण ऱ्हास समजून बसतो. माझा खरा आक्षेप इथेच आहे.

कोएंकर आणि बॅसेट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेलं क्वांटाइल रिग्रेशन सरासरीऐवजी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माशांची टोकं वेगळी बघतं. ९० वा शतमक (ज्या लांबीच्या खाली ९० टक्के मासे येतात ती) वर्षागणिक खाली सरकत असेल, तर मोठे मासे संपत चालले असण्याची शक्यता असते. भरपूर अंडी देणाऱ्या माद्या त्यांच्यातच असतात. मात्र नोंदी भरपूर लागतात. चाळीस माशांत ९० व्या शतमकाच्या वर जेमतेम चारच उरतात.

जाळ्याची आस (छिद्रांचा आकार) बदलली तर दोन्ही फसतात, म्हणून ती मॉडेलमध्ये घ्याच.

एका हंगामाच्या मोजक्या नोंदी असतील तर सरासरी पुरे. अनेक वर्षांच्या नोंदींवरून मासेमारीचे नियम ठरवायचे असतील, तर क्वांटाइलच घ्या.