क्रूझवरच्या लिलावात घेतलेलं चित्र: नऊ महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात आम्ही लेकीकडे ह्यूस्टनला होतो, तेव्हा तिने आणि जावयांनी आम्हाला गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर नेलं. रोआतान, कोस्टा माया, कोझुमेल अशी तीन बंदरं आणि बाकीचे दिवस नुसतं पाणी. पाण्यावरच्या पहिल्याच दिवशी, बोटीवरच्या चित्रांच्या लिलावात मी कार्ड वर केलं आणि एक चित्र घेतलं. मार्चमध्ये ते बडोद्याला आलं आणि तेव्हापासून आमच्या घरात आहे. आता नात्यातली दोन कुटुंबं अशाच सहलीला निघाली आहेत आणि दोघांनीही विचारलं, "मावशी, तिथे चित्र घ्यावं का?" फोनवर अर्धवट सांगितलं, म्हणून इथे सगळं लिहिते.

आधी चित्राबद्दल, कारण ते मला आजही आवडतं. संध्याकाळचं बंदर आहे, निळं-जांभळं पाणी आणि त्यात दिव्यांच्या पिवळ्या लांबट रेघा. बोटीच्या कॉरिडॉरमध्ये ईझलवर ते पाहिलं आणि मला आमचा सूरसागर आठवला. लहानपणी दांडियाबाजारातून आजोबांचं बोट धरून तलावाकाठी जायचे, तेव्हा पाण्यात दिवे असेच थरथरताना दिसायचे. एवढं एक कारण मला पुरेसं होतं. तिथेच थांबले असते तर हा अनुभव चार ओळींत संपला असता.

लिलावाची तऱ्हा अशी. आधी दोन-तीन तास चित्रं बघायला मोकळी ठेवतात. नाव नोंदवताना केबिनचा नंबर घेतात, एक कागद सही करायला देतात आणि नंबर लिहिलेलं कार्ड हातात ठेवतात. शॅम्पेन फुकट असते. बोली लावणारा माणूस फार गोड बोलतो, चित्रकाराच्या आयुष्यातल्या गोष्टी रंगवून सांगतो आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडून मला दोन-चार गोष्टी शिकायलाही मिळाल्या. या लोकांची कमाई विक्रीवरच्या कमिशनवर असते आणि क्रूझ कंपनीलाही त्यात वाटा मिळतो, हे मला नंतर कळलं. ते आधी माहीत असतं तर मी तेच बोलणं वेगळ्या कानांनी ऐकलं असतं.

माझं चित्र आलं तेव्हा बोली 690 डॉलरला थांबली. हातोडा पडला. मला आनंद झाला, कारण माझ्यासमोर दुसरं कोणी कार्ड वर केलं नव्हतं. पुढच्याच क्षणी तो म्हणाला, याच किमतीला आणखी कोणाला हवं असेल तर कार्ड वर करा. तीन कार्डं वर झाली. तिघांनाही तेच चित्र मिळालं. हे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या समजुतीतला लिलाव म्हणजे वस्तू एक आणि मागणारे अनेक. इथे मागणारे चार आणि चित्रंही चार. तेव्हाच उठून प्रश्न विचारायला हवा होता, मी विचारला नाही.

त्या संध्याकाळपासून जेवणाच्या टेबलावर हाच विषय. ओहायोचं एक वयस्क जोडपं आमच्या शेजारी बसायचं. त्यांनी वेगवेगळ्या क्रूझवर मिळून अकरा चित्रं घेतली आहेत आणि ते अतिशय समाधानी आहेत. त्या बाई म्हणाल्या, आमच्या गावात गॅलरी नाही, चित्रकार नाही, या बोटींमुळेच आम्ही चित्रं बघायला शिकलो. मला ते मनापासून पटलं. न्यू जर्सीला राहणारे एक आणंदचे गृहस्थ मात्र लिलावाच्या खोलीकडे फिरकायचेही नाहीत. त्यांनी पूर्वी एका मोठ्या युरोपियन नावाचं चित्र गुंतवणूक म्हणून घेतलं होतं, चार वर्षांनी विकायला काढलं तर दिलेल्या पैशाचा पाचवा भागही कोणी द्यायला तयार नव्हतं. कॅनडाची एक तरुण मुलगी फक्त शॅम्पेन आणि गप्पांसाठी यायची आणि कार्ड खोलीतच ठेवून यायची. बोटीवर जेवढी माणसं भेटली त्यांचे असे तीनच पक्ष होते: भिंतीसाठी घेणारे खुश, नफ्यासाठी घेणारे दुखावलेले, आणि न घेणारे निवांत.

आता पैशाचं. हातोडा 690 वर पडला, पण खात्यात तेवढेच लागले नाहीत. त्यावर 15 टक्के खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे 103 डॉलर 50 सेंट. फ्रेमचे 195, पाठवणीचे 50, मूल्यांकनाच्या दाखल्याचे 35. एकूण 1,073 डॉलर 50 सेंट, आपले साधारण 95 हजार रुपये. यातलं काहीही लपवलेलं नव्हतं, सगळं सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात होतं. विक्री अंतिम आहे, हेही त्याच कागदावर होतं. तो कागद मी केबिनमध्ये येऊन रात्री वाचला.

आणखी एक गोष्ट. ईझलवर जे पाहिलं तेच घरी येईल असं नाही. बहुतेक वेळा त्यांच्या गोदामातून त्याच आवृत्तीतली दुसरी प्रत येते. जानेवारीच्या शेवटी ह्यूस्टनला खोकं आलं. पॅकिंग उत्तम होतं, कोपऱ्यांना फोम, काच कुठेही तडकलेली नाही. माझ्या प्रतीवर 312/450 असा आकडा होता, म्हणजे 450 प्रतींमधली 312वी. पिवळ्या रेघा बोटीवरच्या चित्रापेक्षा थोड्या जाड वाटल्या. माझ्याकडे फोनमधला फोटो होता, म्हणून लक्षात आलं.

फ्रेमसकट विमानात नेणं शक्य नव्हतं. जावयांनी कॅनव्हास फ्रेममधून सोडवला आणि गुंडाळून नळकांड्यात घातला. इथे आमची चूक झाली. आम्ही चित्र आतल्या बाजूला ठेवून गुंडाळलं. रंगाची बाजू नेहमी बाहेर ठेवून सैलसर गुंडाळायची असते, आत ठेवली तर वरचा थर दबून चुरगळतो. बडोद्यात उघडलं तर खालच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढ्या दोन भेगा. रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याने नवीन लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणताना बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे छापील आहे. वरून फक्त जेलचा हात मारलाय."

मला वाईट वाटलं. शेजारी बडोद्याच्या फाईन आर्ट्स कॉलेजातून निवृत्त झालेले प्रिंटमेकिंगचे, म्हणजे छापचित्रकलेचे, प्राध्यापक काका राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग चित्राला टेकवलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. ब्रशचा फटकारा म्हणून जो मला दिसत होता त्याच्या खाली शाईचे बारीक बारीक ठिपके होते, आणि ठिपक्यांवर पारदर्शक, जाडसर जेल फिरवलेलं. पाण्यातल्या पिवळ्या रेघांपैकी चार-पाच मात्र खरोखर हाताने रंगवलेल्या होत्या, तिथे भिंगाखाली ठिपके नव्हते. याला जिक्ले म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ पिचकारी मारणे, आणि 1991 मध्ये कॅलिफोर्नियात इंकजेट छपाईसाठी हा शब्द वापरात आला. दाखल्यावर "हाताने सजवलेलं जिक्ले" असंच लिहिलं होतं. म्हणजे त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही. मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.

काका त्या दिवशी दोन तास बसले. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात लिहिते, कारण बोटीवर हे सगळे शब्द कानावर पडतात. लिथोग्राफ दगडावरून किंवा पत्र्यावरून येतो, सेरिग्राफ रेशमी जाळीतून. चित्रकाराने स्वतः दगडावर काम केलं असेल तर ते मूळ छापचित्र, आणि तयार चित्राचा फोटो काढून छापला असेल तर ती प्रतिकृती. नाव मात्र दोन्हीला लिथोग्राफच लावलं जातं. सही पेन्सिलने कागदावर केलेली वेगळी आणि प्लेटमध्येच कोरलेली, म्हणजे छपाईबरोबर आलेली, वेगळी. डच चित्रकार रेम्ब्रांट 1669 मध्ये वारला, पण त्याच्या तांब्याच्या बऱ्याच प्लेटा टिकल्या आणि त्यांवरून पुढच्या शतकांतही छपाई होत राहिली. त्यामुळे "रेम्ब्रांटचं एचिंग", म्हणजे आम्लाने कोरलेल्या प्लेटवरून काढलेलं छापचित्र, असं ऐकलं की ते कोणत्या काळात छापलेलं आहे, हा पहिला प्रश्न. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने तर म्हातारपणी कोऱ्या कागदांवर गठ्ठ्याने सह्या करून दिल्या, म्हणून त्याच्या छापचित्रांच्या बाजारात आजही लोक जपून पाऊल टाकतात.

हे ऐकताना मला सारखी आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवत होती. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये छापखाना काढला आणि घराघरांत ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांसारखी दिसणारी छापील चित्रं, पोचले. एका चित्रासाठी कितीतरी दगड, प्रत्येक रंगाला वेगळा. त्यांची बरीच मूळ तैलचित्रं सयाजीराव महाराजांनी करवून घेतली, ती आजही लक्ष्मी विलासच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात बघायला मिळतात. आजीला पक्कं माहीत होतं की राजवाड्यातलं ते राजवाड्यातलं आणि आपलं ते छापील. तिने छापील लक्ष्मीला रोज हळदकुंकू वाहिलं आणि त्या चित्राचा मान कधी कमी झाला नाही. छापील असण्याला माझी हरकत नाही. किंमत ऐकताना ते छापील आहे हे माझ्यापर्यंत पोचलं नाही, याचं दुःख आहे.

दाखल्यावर चित्राचं मूल्य 1,950 डॉलर लिहिलेलं आहे. बोटीवर हा आकडा ऐकून वाटलं, अर्ध्या किमतीत मिळालं. पण तो दाखला विकणाऱ्याकडूनच आलेला आहे आणि तो विम्यासाठीचा आकडा आहे, म्हणजे तेच चित्र दुकानातून पुन्हा नवं घ्यायचं झालं तर काय पडेल तो. विकायला गेलं तर काय मिळेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. मे महिन्यात लेकीने अमेरिकेतल्या साध्या ऑनलाइन लिलावांचे जुने निकाल शोधले. याच चित्रकाराची, याच मापाची जिक्ले 110 ते 160 डॉलरला गेलेली दिसली. या विषयावर 2008 च्या सुमारास तिकडच्या वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलं होतं आणि प्रकरणं कोर्टातही गेली होती. आम्ही निघण्याआधी एवढं शोधलं असतं तर बरं झालं असतं.

वापराबद्दल. मार्च ते जून चित्र पश्चिमेच्या भिंतीसमोर होतं, दुपारचं ऊन थेट यायचं. रंग उडालेला अजिबात दिसत नाही, शाई चांगल्या प्रतीची असावी. तरी काकांच्या सांगण्यावरून जुलैत ते आतल्या भिंतीवर हलवलं. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला, मधोमध पोट आल्यासारखं दिसायला लागलं. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर तो पुन्हा ताणला गेला. भेगा वाढलेल्या नाहीत. ओल्या फडक्याने पुसू नका, जेलवर पांढुरका डाग राहतो. माझ्या कामवाल्या बाईंकडून एकदा तसं झालं. मऊ कोरडा ब्रश पुरतो. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या पिवळ्या रेघा अजूनही हलतात असं मला वाटतं, आणि घरी येणारी दहातली आठ माणसं त्याच्यासमोर थांबतात.

ऑगस्टमध्ये काकांबरोबर फाईन आर्ट्समध्ये गेले होते. एका विद्यार्थिनीकडून छोटं एचिंग घेतलं, साडेतीन हजारांना, 4/15. तिने स्वतः प्लेट दाखवली, शाई कशी भरते, कशी पुसते ते करून दाखवलं आणि दुसरी प्रत का बिघडली तेही सांगितलं. माझ्या एका प्रश्नालाही तिने टाळलं नाही. बडोद्यात 1950 पासून ही शाळा आहे, मी चाळीस वर्षं तिच्या दारावरून बँकेत गेले, आणि आत पहिल्यांदा गेले ते समुद्रावरून एक चित्र आणल्यानंतर.

तर घ्यावं का? चित्र बघून पोटात काहीतरी हललं असेल, आणि वरच्या सगळ्या खर्चांसकट येणारा आकडा त्या आनंदासाठी द्यायला तयार असाल, तर जरूर घ्या. मुलांना पुढे पैसे मिळतील म्हणून घेऊ नका. कार्ड हातात घेण्याआधी विचारा: आवृत्ती एकूण किती प्रतींची, कोणत्या तंत्राने छापलेली, सही हाताची की प्लेटमधली, हीच प्रत मिळणार की दुसरी, परत करायचं झालं तर किती दिवसांत. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. पहिल्या दिवशी फक्त बघा, नाव नोंदवू नका. पाण्यावरचा दुसरा दिवस येतो आणि लिलावही पुन्हा असतो. आमच्या बोटीवर शेवटच्या दिवशी माझंच चित्र परत ईझलवर होतं.

भाचीची बोट नोव्हेंबरात सुटते. काकांनी त्यांचं भिंग तिच्यासाठी दिलंय, पर्सच्या बाजूच्या कप्प्यात बसतं. हे प्रश्न तिने इंग्रजीत लिहून घेतले आहेत.