पूर्ण कवळी: हातानं केलेली की संगणकावरची?

संगणकावरची कवळी दोन-तीन खेपांत मिळते, हातानं केलेलीला पाच लागतात, एवढं ऐकलं की बरेच जण तिथेच ठरवून मोकळे होतात. मी लॅबच्या बाजूनं बघणारा माणूस. माझा पहिला प्रश्न असतो, कमी झालेल्या खेपा नेमक्या कोणत्या? लॅबच्या सोयीच्या गेल्या असतील तर उत्तमच. पण तुमच्या तोंडात बघून ठरवायच्या खेपा गेल्या असतील तर त्याची भरपाई नंतर कानशीनं घासून करावी लागते.

आधी जुनी रीत. पहिल्या खेपेला बाजारात मिळणाऱ्या ट्रेमध्ये अल्जिनेट, म्हणजे तोंडात घट्ट होणारी मापाची लापशी, भरून साधं माप घेतात. त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचा साचा होतो आणि त्या साच्यावर खास तुमच्या जबड्याचा ट्रे. या ट्रेची कड मुद्दाम साधारण २ मिलिमीटर आखूड ठेवलेली असते. दुसऱ्या खेपेला डॉक्टर हिरव्या कंपाउंडची (तापवलं की मऊ होणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची) कांडी ज्योतीवर मऊ करून त्या कडेला थोडी थोडी लावतात, चटका बसू नये म्हणून कोमट पाण्यात बुडवतात आणि ट्रे तोंडात घालून सांगतात, "ओठ पुढे काढा. आता मोठ्ठा आ करा. जीभ बाहेर." बाहेर काढलेला ट्रे पाहिला की कडेवर गालानं, ओठानं, जिभेनं दाबून केलेला गुळगुळीत गोलवा दिसतो. मग झिंक ऑक्साइडची पेस्ट किंवा सिलिकॉन घालून पक्कं माप. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे आणि या कडेनं हवा अडवल्यामुळे. कड चुकली की जांभई देताना कवळी खाली येते.

तिसरी खेप चाव्याची. मेणाच्या कडा तोंडात घालून दोन जबड्यांमधली उंची ठरवतात. निवांत बसलेलं असताना वरचे-खालचे दात टेकलेले नसतात, २ ते ४ मिलिमीटरची फट असते. कवळीची उंची जास्त होऊन ही फट भरून गेली तर बोलताना दात खटखटतात आणि जबडा दुखतो. फट फारच मोठी राहिली तर तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकते, चेहरा बसका दिसतो. ही उंची तपासायला साठपासून पुढे आकडे मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळे 'स'नं भरलेले. 'स' म्हणताना दात जवळ येतात, पण आपटता कामा नयेत.

चौथ्या खेपेला मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल. मेण आहे तोवर दात पुढे-मागे करणं दोन मिनिटांचं काम असतं, नंतर नाही. घरच्या माणसाला सोबत न्यायची खेप हीच.

यानंतरचं काम लॅबचं, आणि खरा फरक इथे आहे. मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत अॅक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचा, मऊ गोळा दाबायचा आणि फ्लास्क, म्हणजे हा साचा बंद केलेली पेटी, पाण्यात शिजवायचा. सावकाश पद्धतीत ७४ अंशांना आठ-नऊ तास. घाई करून तापमान चढवलं तर १०० अंशांच्या जेमतेम वर उकळणारा मोनोमर (गोळ्यातला, अजून घट्ट न झालेला द्रव) आतच उकळतो आणि जाड भागात बुडबुडे राहतात. शिवाय अॅक्रिलिक घट्ट होताना आकसतं, वरच्या कवळीची मागची कड टाळूपासून किंचित सुटते. म्हणूनच साच्यावर त्या जागी आधीच बारीक खोबण कोरून ठेवतात.

संगणकावरची कवळी दोन तऱ्हांनी होते, मिलिंग म्हणजे यंत्रानं कोरून किंवा थ्रीडी प्रिंट करून. मिलिंगच्या कवळीत हे दुखणं जवळजवळ नाही. अॅक्रिलिकची चकती कारखान्यातच दाबाखाली घट्ट झालेली असते, जे आकसायचं ते आकसून झालेलं असतं. यंत्र फक्त तिच्यातून कवळी कोरतं. उरलेला मोनोमरही कमी. थ्रीडी प्रिंटची कवळी मात्र वेगळी गोष्ट आहे. द्रव रेझिन (प्रकाशात घट्ट होणारं प्लास्टिक) थराथरानं प्रकाशात घट्ट करायचं, धुवायचं, पुन्हा प्रकाशात ठेवायचं. मजबुतीत ती सहसा मिलिंगच्या मागे राहते. ट्रायलसाठी प्रिंट झकास, कायमच्या कवळीसाठी मी मिलिंगकडे झुकेन. दोन्ही 'डिजिटल' नावानंच विकल्या जातात, तेव्हा कोणती ते स्पष्ट विचारा.

आता माप. दात नसलेला जबडा तोंडातल्या कॅमेऱ्यानं स्कॅन करता येतो, पण कॅमेरा शिरायला गाल ओढून धरावा लागतो, आणि कड तर गाल हलताना घडते. खालच्या जबड्यात ओली, हलती कातडी आणि जीभ यांनी आणखी गोंधळ. त्यामुळे बरेच डॉक्टर माप हातानंच घेतात आणि तेच स्कॅन करतात. म्हणजे दुसरी खेप गेली नाही, चाव्याच्या खेपेत मिसळली.

खालची हिरडी झिजून सपाट झाली असेल तर पद्धत कुठलीही घ्या, कडेचं माप आणि ट्रायल सोडू नका. खालच्या कवळीला टेकायला वरच्याच्या साधारण निम्मीच जागा मिळते. रुग्णाला वारंवार नेणं कठीण असेल, किंवा कवळी हरवण्याची भीती असेल, तर डिजिटल घ्या. फाइल जपलेली असते, नवी कवळी पुन्हा माप न घेता निघते. मात्र हाड झिजत राहतं, चार-पाच वर्षांपूर्वीची फाइल म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचा जबडा.

दात नुकतेच काढले असतील तर तंतोतंत बसण्यासाठी जीव टाकू नका. पहिल्या वर्षात हाड सर्वांत झपाट्यानं झिजतं, आतून नवा थर द्यावा लागणारच. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की या कवळीला असा थर नीट चिकटतो का. जुन्या रीतीच्या अॅक्रिलिकला चिकटतो. प्रिंटच्या बाबतीत रेझिन कुठलं आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

आणि कवळी हातात आल्यावर दुसऱ्या दिवसाची तपासणीची वेळ लगेच ठरवा. टोचणारी जागा कवळी घालून एक दिवस काढल्यावरच लाल होऊन दिसते, मग ती कुठल्याही यंत्रातून निघालेली असो.