काश्मीरमधली गोल्फ मैदानं: आधी श्रीनगर, मग पहलगाम, शेवटी गुलमर्ग

पुण्या-मुंबईचे बरेच खेळाडू गोल्फचा सेट घेऊन श्रीनगरला उतरतात आणि तडक गुलमर्गची गाडी धरतात. गुलमर्गचं नाव मोठं असल्यामुळे तसं होतं, पण क्रम चुकतो. श्रीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 1,585 मीटरवर आहे, पहलगाम 2,100 मीटरच्या थोडं वर आणि गुलमर्ग 2,650 मीटरवर. याच क्रमाने चढत गेलं तर दमही जुळतो आणि आपल्या क्लबची (काठ्यांची) नवी अंतरंही हाताला कळतात.

अंतराचं गणित आधी समजून घ्या, कारण पहिल्या दिवशी सगळे इथेच फसतात. उंचीवर हवा विरळ असते, चेंडूला विरोध कमी होतो आणि तो लांब जातो. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या तुलनेत श्रीनगरला सहा टक्के, पहलगामला आठ टक्के आणि गुलमर्गला दहा टक्के वाढ धरायची. चेंबूरला सात नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) 150 यार्ड जात असेल तर तेच गुलमर्गला 165 यार्डांच्या आसपास जाईल. पुणेकरांनी सरसकट दोन टक्के वजा करावेत, कारण पुणं स्वतःच साडेपाचशे मीटरवर आहे. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. विरळ हवेत स्पिनचा जोरही कमी पडतो, त्यामुळे चेंडू कमी वळतो, खालून उडतो आणि पडल्यावर जास्त घरंगळतो. स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाणारा फटका) मारणाऱ्याला हे सोयीचं आहे. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) उंचावरून चेंडू टाकून जागच्या जागी थांबवायची सवय असलेल्याला मात्र तो मागच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) शोधावा लागतो. ग्रीनच्या पुढच्या कडेचं अंतर धरून खेळा.

थंडीचा परिणाम याच्या उलट असतो. सकाळी आठ-दहा अंशांत चेंडू कडक होतो, कमी उसळतो आणि वाढलेल्या अंतरातले काही यार्ड परत जातात. रात्री बॅग गाडीच्या डिकीत सोडू नका, खोलीत ठेवा. खेळताना मात्र चेंडू मुद्दाम तापवायचा नाही. हँडवॉर्मरला लावून गरम केलेला चेंडू खेळणं गोल्फच्या नियम 4.2 मध्ये बसत नाही.

श्रीनगरचं रॉयल स्प्रिंग्स हे या सगळ्यांत सर्वांत विचारपूर्वक आखलेलं मैदान. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांची आखणी, 18 होल, पार 72 (अपेक्षित एकूण फटके), झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, चश्मेशाहीच्या बाजूला. एकाच दिवसाला वेळ असेल तर गुलमर्ग सोडा आणि इथे खेळा, इतकं माझं स्पष्ट मत आहे. फेअरवे (ग्रीनपर्यंत जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) डोंगराच्या उताराला धरून आहेत, त्यामुळे सपाट उभं राहून मारायची संधी कमी मिळते. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे खेचला जातो. क्लब थोडा खालून पकडा आणि नेम उजवीकडे धरा. चेंडू खाली असेल तर गुडघे शेवटपर्यंत वाकलेलेच ठेवा, नाहीतर क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागून टॉप होतो.

इथल्या ग्रीनवर डोळे फसवतात. मागे डोंगराची एवढी मोठी भिंत आहे की तिच्यापुढे सौम्य उतार सपाट वाटतो, आणि कधी तर चढही. पटची (ग्रीनवरून होलकडे ढकलायच्या फटक्याची) रेघ ठरवताना आधी झबरवान कुठे आणि दल सरोवर कुठे ते पाहा. संशय असेल तर उतार सरोवराकडे आहे असं धरा आणि कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारा. कॅडी घ्याच. बग्गीवर (मैदानातल्या छोट्या गाडीवर) खर्च करायचा की कॅडीवर, असा प्रश्न पडला तर पैसे कॅडीला द्या. चढाची मात्र कल्पना असू द्या. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन्ही घ्यावं.

गवतही वेगळं आहे. आपल्याकडच्या हरळीवर चेंडू वर उचलून बसतो आणि ग्रीनवर पात्यांच्या दिशेने पट ओढला जातो. काश्मीरच्या थंड हवेतलं गवत मऊ आणि दाट असतं. ग्रीनवर पात्यांची ओढ फारशी जाणवत नाही, उतारच वाचायचा. रफमध्ये मात्र ओलं गवत क्लबच्या मानेला वेढतं, क्लबचं तोंड डावीकडे वळतं आणि चेंडू डावीकडे जमिनीलगत निघतो. तिथे हायब्रिडचा (लांब मारायच्या क्लबचा) मोह टाळा. वेज (चेंडू उंच उचलणारा आखूड क्लब) घ्या, पकड घट्ट करा आणि आधी फेअरवेवर या.

एप्रिलमध्ये शेजारचं ट्यूलिप उद्यान उघडं असतं तेव्हा बुलेवार्ड रोडवर गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत सकाळची पहिली वेळ मागा. सर्वांत चांगले महिने मे, जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑक्टोबरमध्ये चिनार लाल होतात, पण दव उशिरापर्यंत हटत नाही, म्हणून नऊच्या आधी सुरू केलंत तर बूट आणि ग्रिप दोन्ही भिजतात. ग्लोव्हचा दुसरा जोड आणि कोरडा टॉवेल बॅगेत हवाच.

पहलगाम श्रीनगरपासून साधारण 90 किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास. लिद्दर खोऱ्यातलं हे 18 होलचं मैदान पाईनच्या झाडांमधून जातं. आखणीत रॉयल स्प्रिंग्सची बरोबरी नाही, पण शांतपणे खेळायला याच्यासारखी जागा नाही. इथे ड्रायव्हरची (सर्वांत लांब मारायच्या क्लबची) घाई नको. झाडीत गेलेला चेंडू सापडला तरी फांद्यांखालून बाजूला काढण्यातच एक फटका जातो. तीन वूड किंवा हायब्रिडने टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारला तरी उंचीमुळे अंतर पुरतं. दुपारनंतर खोऱ्यात खालून वर वारा सुटतो, सकाळी तो फारसा नसतो. अठराही होल शांत हवेत हवे असतील तर अकराच्या आत संपवा. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेच्या काळात मात्र पहलगामचा बेत आखू नका. यात्रेच्या ताफ्यांसाठी रस्त्यावर ठरावीक वेळांची बंधनं असतात, आणि ठरलेली टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) गाठणं आपल्या हातात राहत नाही. सुरक्षेच्या कारणाने काश्मीरमधली ठिकाणं बंद-उघडी होत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करणं हे तिन्ही ठिकाणी आवश्यक.

गुलमर्गचा क्लब 1911 चा. मैदान पुढे रणजित नंदा यांनी नव्याने आखलं, 18 होल, पार 72, मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) 7,505 यार्ड. आकडा पाहून घाबरू नका. उंचीचा दहा टक्के फायदा धरला तर समुद्रसपाटीवरचं 6,800 यार्डांचं मैदान खेळल्यासारखं होतं. तरीही हौशी खेळाडूने पुढचीच टी घ्यावी, कारण इथे दमवतं ते चालणं. 18 होलमध्ये सहज नऊ-दहा किलोमीटर पायपीट होते, तीही विरळ हवेत. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा, पाणी भरपूर प्या, आणि डोकं दुखायला लागलं तर नऊ होलवर थांबायला लाज वाटू देऊ नका.

देखाव्याला तोड नाही: चारी बाजूंनी देवदार-फरचं जंगल, मधे वाटीसारखं हिरवं मैदान, टेकाडावर सेंट मेरी चर्च आणि मागे अफरवतचा डोंगर. पण मैदानाच्या निगेबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. वर्षातले पाच-सहा महिने सगळं बर्फाखाली असतं, उरलेल्या काळात गवत उगवून, सावरून खेळण्याजोगं व्हायचं असतं. त्यात पर्यटक आणि घोडे याच वाटीत फिरतात. मेमध्ये बर्फ वितळून जमीन पाणथळ असते, म्हणून जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा खरा काळ.

इथे नियम माहीत असले तर फटके वाचतात. फेअरवे किंवा रफमध्ये चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर नियम 16.3 प्रमाणे दंडाशिवाय ड्रॉप (चेंडू उचलून जवळच टाकायची मुभा) मिळतो. साचलेल्या पाण्यातूनही मिळतो. बर्फाचा तुकडा आड आला तर तो सुटा अडथळा मानून उचलायचा की तात्पुरतं पाणी मानून ड्रॉप घ्यायचा, ही निवड तुमची. घोड्याच्या टापेचा खळगा मात्र प्राण्याने खणलेलं बीळ नव्हे. स्थानिक नियम नसेल तर चेंडू आहे तिथूनच खेळावा लागतो. ग्रीनवर तीच टाप पिचमार्कसारखी (चेंडू पडून झालेल्या खळग्यासारखी) दुरुस्त करता येते. दुपारी ढग गडगडले की क्लब खाली ठेवून निवारा गाठा, उघड्या कुरणात उंच वस्तू तुम्हीच असता.

फीचे दर बदलत असतात, म्हणून बुकिंग करताना ग्रीन फी, कॅडी, बग्गी आणि सेटचं भाडं वेगवेगळं विचारून घ्या. देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक वेळा 15 किलोच सामान चालतं आणि भरलेली गोल्फ बॅग एकटीच तेवढी भरते. सात-आठ क्लब आणि हलकी स्टँड बॅग पुरे. फोनवरच्या जीपीएसवर भिस्त असेल तर लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड घ्या किंवा मैदानांचे नकाशे घरीच उतरवून ठेवा.

परतीच्या दिवशी मोठी फेरी नको. श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या बरंच आधी फाटकापाशीच गाडी आणि सामान तपासतात, आत पुन्हा तपासणी होते. विमानाच्या तीन तास आधी फाटकाशी असायला हवं. हात शिवशिवत असतील तर शहरातच मौलाना आझाद रोडवर जुना काश्मीर गोल्फ क्लब आहे. जागा सपाट आहे, चढ नाहीत, सकाळी लवकर नऊ होल आटोपून बॅग बांधता येते.