मिथाइल सेल्युलोज: कोलाजकाराला विचार बदलू देणारी खळ

कोलाजच्या कामात कागदांबद्दल आणि कात्री-कटरबद्दल जितके बोलले जाते, तितके चिकटवण्याच्या पदार्थाबद्दल बोलले जात नाही. वास्तविक रोज कोलाज करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी हा पदार्थच ठरवतो. कात्रण ठेवल्यानंतर किती वेळात निर्णय पक्का करावा लागेल, तो मागे घेता येईल की नाही, काम आज संध्याकाळी स्कॅन करता येईल की उद्या सकाळपर्यंत दाबाखाली राहील, या साऱ्याची उत्तरे बरणीत काय आहे यावर अवलंबून असतात. माझ्या टेबलावर गेली काही वर्षे ती बरणी मिथाइल सेल्युलोजची आहे आणि हे परीक्षण त्याच पदार्थाचे आहे. कोणा एका उत्पादकाच्या डब्यापुरते ते मर्यादित नाही, कारण पावडर शुद्ध असेल तर नाव बदलल्याने तिचे वागणे फारसे बदलत नाही. बदलते ते ग्रेडमुळे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मिथाइल सेल्युलोज ही पांढरी, वास नसलेली पावडर असते. लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंमधील सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून ती बनवतात. म्हणजे कागद ज्या द्रव्याचा बनतो त्याच द्रव्याचे हे पाण्यात विरघळणारे रूप आहे. पुस्तकबांधणी करणारे आणि जुन्या कागदपत्रांचे संवर्धन करणारे लोक ती दीर्घकाळ वापरत आले आहेत. तिचा एक स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो: ती थंड पाण्यात विरघळते, गरम पाण्यात विरघळत नाही. पावडर थेट थंड पाण्यात टाकली तर प्रत्येक गुठळीचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो, आत पाणी पोहोचत नाही आणि कोरड्या गुठळ्या तशाच राहतात. म्हणून एकूण पाण्यापैकी साधारण एक तृतीयांश पाणी चांगले गरम करून त्यात पावडर ढवळत पसरवावी, तिचा प्रत्येक कण भिजू द्यावा आणि मग उरलेले पाणी थंड ओतून ढवळत राहावे. दुधाळ दिसणारे मिश्रण हळूहळू पारदर्शक आणि दाट होत जाते. ते रात्रभर झाकून ठेवले की हवेचे बुडबुडे निघून जातात आणि सकाळी बरणीत स्वच्छ, एकसंध जेल मिळते. १०० मिलीलिटर पाण्याला तीन ते चार ग्रॅम पावडर हे प्रमाण मला रोजच्या कामाला योग्य वाटते. अगदी पातळ कागदांसाठी मी ते दोन ग्रॅमपर्यंत खाली आणते.

रात्री भिजवून ठेवण्याची ही अट काहींना जाचक वाटेल, परंतु कोलाजच्या दिवसाची घडण पाहिली तर ती सहज सामावून जाते. सकाळचे काम कोरडेच असते. कात्रणांच्या खोक्यांतून रंगानुसार, पोतानुसार शोधायचे, कटरचे पाते बोथट झाले असेल तर बदलायचे, कडा कापायच्या की हाताने फाडायच्या हे ठरवायचे आणि तुकडे पायाच्या कागदावर नुसते मांडून पाहायचे. फाडलेल्या कडेला जी पांढरी तंतुमय रेघ दिसते ती चित्रात एखाद्या रेषेइतकेच काम करते, त्यामुळे हा निर्णय घाईने घेता येत नाही. गोंदाचा ब्रश हाती येईपर्यंत दिवसाचा बराच भाग संपलेला असतो.

आणि ब्रश हाती आल्यावर मिथाइल सेल्युलोजची खरी किंमत कळते. पांढरा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) गोंद पातळ कागदाला लावला की बघता बघता धरतो. तुकडा एक-दोन मिलिमीटर सरकवायचा असेल तर तेवढ्या वेळातच कागद ताणला जातो किंवा फाटतो. मिथाइल सेल्युलोज मात्र बराच वेळ ओले आणि निसरडे राहते. कात्रण ठेवून ते बोटाने फिरवता येते, किंचित तिरके करता येते, पूर्ण उचलून दुसरीकडे नेता येते आणि खालचा कागद खराब होत नाही. कोरडी मांडणी आणि चिकटवलेली मांडणी कधीच तंतोतंत सारखी होत नाहीत, कारण ओला झालेला कागद गडद दिसतो, पातळ कागदातून खालचा रंग डोकावू लागतो आणि दोन तुकड्यांमधील अंतर डोळ्याला वेगळे जाणवते. त्या क्षणी जो विचार सुचतो तो बहुधा सकाळच्या विचारापेक्षा चांगला असतो, आणि तो अमलात आणायला लागणारी मिनिटे हा पदार्थ देतो.

ही गरज नवीन नाही. जर्मन कोलाजकार कुर्ट श्विटर्स यांना काम करताना पाहिलेल्या व्यक्तीने नोंदवून ठेवले आहे की ते कागदावर पीठ आणि पाण्याची खळ पसरत आणि ती ओली असेपर्यंत कागदाचे कपटे तिच्यात सरकवत, हलवत राहत. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनी अखेरच्या वर्षांत रंगवलेल्या कागदांचे आकार कापून जी प्रचंड कामे केली, त्यांत त्यांचे साहाय्यक ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावत आणि मातीस सांगतील तसे पुन्हा पुन्हा हलवत. चिकटवण्याची पाळी फार उशिरा येई. दोघांचे मार्ग भिन्न असले तरी दोघांनीही स्वतःसाठी निर्णय लांबवण्याची सोय करून ठेवली होती. ज्याच्या चित्राचा आराखडा आधीच शेवटच्या रेषेपर्यंत ठरलेला असतो, त्याला या सोयीची फारशी आवश्यकता नाही. बाकीच्या आम्हा सर्वांना ती आहे.

दुसरा गुण याहून मोठा आहे. वाळल्यानंतरही मिथाइल सेल्युलोज पाण्याने पुन्हा मऊ होते. मासिकांसाठी किंवा पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी कोलाज करणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. चित्र पोहोचल्यावर संपादकांकडून एखादी आकृती थोडी डावीकडे घ्या किंवा मागचा लाल कागद काढा असे कळवले जाते, आणि पीव्हीएने चिकटवलेले असेल तर तो भाग झाकण्यावाचून किंवा चित्र पुन्हा करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. येथे मात्र त्या तुकड्यावर ओलसर टीपकागद थोडा वेळ ठेवला, वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकला की कड उचलू लागते आणि चपट्या, बोथट पट्टीने कात्रण बहुधा अखंड निघून येते. अतिशय पातळ किंवा जुना ठिसूळ कागद असेल तर मात्र अखंड निघण्याची खात्री देता येत नाही. कडेबाहेर आलेला गोंद ओल्या कापसाने पुसता येतो, आणि थोडा राहून गेला तरी तो कागदावर पीव्हीएसारखा चकाकणारा डाग सोडत नाही. माझ्या दृष्टीने केवळ या एका कारणासाठीही हा पदार्थ घ्यावा.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे पाणी. या जेलमध्ये जवळजवळ सगळे पाणीच असते, आणि कागद पाणी प्यायला की फुगतो. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू मुख्यतः एका दिशेने पहुडलेले असतात, त्यामुळे तो तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक फुगतो आणि वाळताना त्याच दिशेला आकसतो. कात्रण गोंद लावताच घाईने बसवले, तर ते बसवल्यानंतर फुगत राहते आणि सुरकुत्या पडतात. गोंद लावून दोन-तीन मिनिटे थांबले, कागदाला पूर्ण फुगू दिले आणि मग बसवले, तर वाळताना तो ताणला जाऊन सपाट होतो. मोठ्या तुकड्यांच्या बाबतीत पायाच्या कागदाच्या आणि कात्रणाच्या तंतूंची दिशा शक्यतो एक ठेवावी. एवढे करूनही पायाचा कागद हलका असेल तर वाळताना तो वाकतो. ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या जलरंगाच्या कागदावर हा त्रास कमी होतो. पुठ्ठ्यावर काम असेल तर त्याच्या मागच्या बाजूलाही तसाच एक कागद चिकटवून दोन्हीकडचा ताण समान करावा लागतो. काम टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि वजन ठेवायचे, अर्ध्या तासाने ओले झालेले टीपकागद बदलायचे आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. ज्याला त्याच दिवशी चित्र पाठवायचे आहे त्याच्यासाठी ही मोठी अडचण आहे, आणि ती कौशल्याने टाळता येत नाही.

दुसरी उणीव ताकदीची. मिथाइल सेल्युलोज हा मुळात दुबळा चिकट पदार्थ आहे. कागदावर कागद एवढ्यापुरते तो पुरतो. जाड पुठ्ठा, कापड, लाकूड, धातूचे लहान तुकडे यांना तो धरत नाही. अशा वेळी मी त्यात आम्लरहित पीव्हीए निम्मे-निम्मे मिसळते. पीव्हीएची पकड मिळते, मिथाइल सेल्युलोजमुळे ते लवकर वाळत नाही आणि ब्रशही सुरळीत फिरतो. पुस्तकबांधणीत हे मिश्रण सर्रास वापरले जाते. मात्र पीव्हीए मिसळताच वाळल्यानंतर उचलण्याची सोय संपते, हे ध्यानात ठेवूनच मिसळावे.

कागदांप्रमाणे अनुभव बदलतो. वर्तमानपत्राचा कागद सच्छिद्र असल्याने तो गोंद पटकन पितो आणि छान बसतो, पण ओला असताना सहज फाटतो, म्हणून तो हातात न उचलता सिलिकॉन कागदावर (ज्याला गोंद चिकटत नाही अशा कागदावर) ठेवून न्यावा. तो कागद पुढे पिवळा पडतो याचा दोष गोंदाला देऊ नये. लाकडाचा लगदा तसाच दळून केलेल्या त्या कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहिलेले असते आणि प्रकाश व हवेने ते पिवळे पडते. मासिकांच्या चकचकीत आर्ट पेपरवर खनिजांचा लेप असतो, त्यामुळे त्यावर गोंद हळू शिरतो. शिवाय असे दोन लेपयुक्त पृष्ठभाग ओले असताना एकमेकांवर दाबले गेले तर वाळून एकमेकांना कायमचे चिकटू शकतात, म्हणून वजन ठेवण्यापूर्वी मध्ये सिलिकॉन कागद घालणे आवश्यक आहे. लेझर प्रिंटला पाण्याचा धोका नाही. डाय शाईच्या (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) इंकजेट प्रिंटचे रंग मात्र फुटतात, तेव्हा कोपऱ्यावर ओला ब्रश लावून आधी तपासावे. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आधुनिक फोटो कागदासाठी हा पदार्थ निरुपयोगी आहे, कारण ओल बाहेर जायला वाटच मिळत नाही.

इतर पर्यायांच्या तुलनेत टिकाऊपणाची बाजू भक्कम आहे. रबर सिमेंट, म्हणजे द्रावकात विरघळवलेल्या रबराचा गोंद, वापरायला सुखाचे, पण काळाबरोबर ते तपकिरी होते, डाग कागदाच्या वरपर्यंत येतात आणि पकड सुटते. त्यातील द्रावक ज्वलनशीलही असतो. ग्लू स्टिक मांडणीच्या कच्च्या कामाला ठीक आहे, पण तिच्याने चिकटवलेल्या कडा उठतात. स्प्रे गोंद सपाट बसतो, परंतु बंद खोलीत रोज फवारण्याचा तो पदार्थ नव्हे. पिठाची किंवा स्टार्चची खळ मिथाइल सेल्युलोजहून मजबूत आणि तितकीच उलटवता येण्याजोगी आहे, परंतु ती काही दिवसांत आंबते आणि कीटकांना व बुरशीला अन्न पुरवते; मिथाइल सेल्युलोजचे जेल झाकून ठेवल्यास काही आठवडे चांगले राहते. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या कलावस्तूंच्या संवर्धनावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने १९९० मध्ये सेल्युलोजच्या अशा संयुगांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दीर्घकालीन स्थैर्याच्या दृष्टीने मिथाइल सेल्युलोज चांगल्या गटात आले होते. विकल्या जाणाऱ्या मूळ चित्रासाठी ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चित्र विकत घेणारा आपल्या निवडीवर विसंबून असतो.

विकत घेताना डब्यावरील ग्रेड पाहावी. ती बहुधा दोन टक्के द्रावणाच्या दाटपणाच्या आकड्याने दिलेली असते. ४००च्या आसपासची ग्रेड पातळ राहते, ४०००ची थोड्या पावडरीतही दाट जेल देते आणि कोलाजसाठी तीच सोयीची. भिंतींच्या कागदासाठी मिळणाऱ्या तयार पावडरींमध्येही हाच पदार्थ असू शकतो, पण त्यांत बुरशीनाशके आणि इतर रसायने मिसळलेली असतात, म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय त्या घेऊ नयेत. खाद्यपदार्थांत वापरले जाणारे मिथाइल सेल्युलोज ई-४६१ या क्रमांकाने ओळखले जाते आणि अडचणीच्या वेळी तेही चालते. ई-४६६ हे मात्र कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असून ते थंड आणि गरम अशा दोन्ही पाण्यांत विरघळते, त्यामुळे वर दिलेली गरम पाण्याची रीत त्याला लागू पडत नाही. पावडर दमट हवेत उघडी ठेवू नये आणि जेल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तयार केल्याची तारीख लिहून ठेवावे; ते पाण्यासारखे सैल झालेले किंवा त्याला वास येऊ लागलेला दिसला तर ते टाकून देऊन नवे भिजवावे.